वाकळीतल्या आठ ओळी

१

सही करताना जयाबाईंचं पेन इतकं रुतलं की खालच्या पानावरही त्यांचं नाव उमटलं.

"चोरी ती चोरीच," त्या म्हणाल्या. "कवितेची असू दे, न्हायतर कोंबडीची."

समोर ज्योतिबा बसला होता. निपाणीच्या साहित्य मंडळाचा सेक्रेटरी. बेळगावात बस बदलून तो उचगावला आला होता तो ही सही घ्यायलाच. मंडळाच्या काव्यस्पर्धेत जयाबाई परीक्षक होत्या आणि पहिला नंबर त्यांनीच दिला होता, निपाणीच्या सुविधा नावाच्या शिक्षिकेच्या आठ ओळींच्या कवितेला. आता निकाल जाहीर झाल्यावर कळलं की हीच कविता निपाणीचेच कवी परशराम सर यांच्या संग्रहात दोन वर्षांपूर्वीच छापून आलेली आहे. ज्योतिबाने पुस्तक पुढ्यातच ठेवलं होतं, पान सत्तावीस उघडून.

जयाबाईंनी चौतीस वर्षं हायस्कूलला मराठी शिकवलं होतं. कॉपी सापडली की एकाला नाही, अख्ख्या बाकाला उभं करणाऱ्या बाई म्हणून त्यांची ख्याती होती. राग तर कायम नाकावर. त्यात ही चोरी त्यांच्याच हातून पहिली आली होती, म्हणजे कुणीतरी त्यांना उघड उघड मूर्ख बनवलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

"परवा सकाळी धा वाजता हॉलवर बक्षीस समारंभ हाय," ज्योतिबा कागद घडी करत म्हणाला. "त्यात जाहीर करून टाकू. आन् बारा वाजता हे पत्र तिच्या शाळंत पोचवू. नोकरी काय ऱ्हात न्हाय बघा तिची."

"ऱ्हाऊ नये," जयाबाई म्हणाल्या.

ज्योतिबा गेला आणि तासाभराने अंगणात एक बाई येऊन उभी राहिली. पस्तिशीची, शाळेतून थेट आलेली असावी, कारण खांद्याच्या पिशवीतून हजेरीपट डोकावत होता. ती रडत नव्हती. तिचा चेहरा जयाबाईंच्या चेहऱ्याइतकाच लाल होता.

"जय भीम बाई. मी सुविधा. तुमी माझ्याविरुद्ध सही करणार हायसा म्हणं. पर ती कविता मी माझी म्हणून पाठवलेलीच न्हाय. फॉर्मवर कवी म्हणून माझं नावच न्हवतं."

२

"मग कुणाचं होतं?"

"आईचं. लक्ष्मीबाईचं."

सुविधाने फोन पुढे केला. भरलेल्या फॉर्मचा फोटो होता. कवीच्या नावापुढे ठळक अक्षरांत लक्ष्मीबाई, आणि खाली बारीक अक्षरांत 'पाठवणारी: मुलगी, सुविधा'. जयाबाईंनी तिथल्या तिथे ज्योतिबाला फोन लावला. तो अजून बसस्टॉपवरच होता.

"व्हय, आईचंच नाव लिवलं होतं," तो सहज म्हणाला. "पर बाई, ती वाकळा शिवत्या. अंगठा उठवणारी बाई. ती कशी कविता करंल? पोरीनं चुकून लिवलं आसंल म्हणून मी दुरुस्त केलं."

"दुरुस्त केलंस?" जयाबाई एवढ्या जोरात ओरडल्या की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. "तुला कुणी सांगितलं रं दुरुस्त करायला?"

पण फोन ठेवला आणि त्यांनी फॉर्मचा फोटो पुन्हा पाहिला. फॉर्मवरचं लक्ष्मीबाईचं नाव त्यांच्यापर्यंत आलं असतं, तर पहिला नंबर दिला असता का? कोण ही बाई, अशी शंका त्यांच्याही मनात आली असती. हे कबूल करताना त्यांना स्वतःचाच राग आला, आणि तो राग ज्योतिबावरच्या रागापेक्षा जास्त कडू होता.

सुविधाने सगळं सांगितलं. आई घरोघरी जाऊन जुन्या साड्यांच्या वाकळा शिवायची. परशराम सरांच्या बंगल्यावर सहा वर्षं जात होती. शिवता शिवता काहीबाही गुणगुणायची. त्यातलं हे एक सुविधाने आठवणीतून उतरवून पाठवलं. दीड वर्षापूर्वी आईला लकवा झाला.

"कागद हाय काय काई? जुनी वही, तारीख?"

"लिवता येत न्हाय तिला, बाई. कागद कुठनं आणू?"

जयाबाईंनी दोन्ही कविता शेजारी ठेवल्या. सुविधाने पाठवलेली अशी होती:

जुन्या साडीचा हा काठ,
त्याच्या आत आजी हसे;
तिच्या हाताची ती गाठ
अजून ना सैल दिसे.

किती घरे, किती दारे,
टाका घालतच गेले;
त्यांना ऊन दिले सारे,
हाड आत गार झाले.

पुस्तकातली हुबेहूब तीच, फक्त दोन शब्द वेगळे. 'आजी हसे'च्या जागी 'माय हसे', आणि 'हाड'च्या जागी 'मन'. जयाबाईंनी बोटांवर अक्षरं मोजली. दोन्हीकडे ओळीला आठ, एकूण चौसष्ट. दोन्हीकडे काठ-गाठ, हसे-दिसे, दारे-सारे, गेले-झाले. शब्द बदलूनही वृत्त मोडलं नव्हतं आणि यमकही. कोणता शब्द आधीचा आणि कोणता नंतरचा, हे मोजमापावरून सांगता येत नव्हतं.

"उद्या मी निपाणीला येते," त्या म्हणाल्या. "पण एक ऐकून ठेव गं. तू खोटं बोलत असलीस, तर शाळेला पत्र मी स्वतः नेऊन देईन."

"द्या की," सुविधा म्हणाली. "आन् खरं बोलत आसली तर?"



३

परशराम सर निवृत्त प्राचार्य. पांढराशुभ्र सदरा, व्हरांड्यात झोपाळा, झोपाळ्यावर पानाचा डबा. त्यांनी जयाबाईंचं स्वागत असं केलं की जणू सत्कारालाच बोलावलं होतं.

"एका कष्टाळू मुलीची नोकरी जाऊ नये असं मलाही वाटतं," ते म्हणाले. "मोह होतो माणसाला. मी केव्हाच क्षमा केली."

"कवितेबद्दल बोला," जयाबाई म्हणाल्या.

आणि सर बोलले. सुंदर बोलले. अष्टाक्षरी का निवडली, ठ आणि ट यांचे कठोर आवाज टाक्यासारखे कसे वाजतात, दुसऱ्या कडव्यात 'किती'ची पुनरुक्ती कशी दमवत नेते, आणि स्त्रीच्या भूमिकेतून लिहिल्यामुळे शेवटी एक उसासा कसा येतो. जयाबाई ऐकत राहिल्या. वर्गात त्यांनी स्वतः यापेक्षा चांगलं सांगितलं नसतं. चोराला इतकं कळतं?

"आणि ते दोन शब्द? माय, आणि मन?"

"मूळचेच. शब्द न शब्द पहिल्या बैठकीतला." सर हसले. "हाड कुठे कवितेत शोभतं का, बाई? कसायाच्या दुकानासारखं वाटतं. तिथे मनच हवं. मुलीने उतरवताना गावंढळ करून टाकलंय."

इतक्यात त्यांची सून प्रियदर्शनी चहा घेऊन आली. "लक्ष्मीबाईंचं चाललंय व्हय? लई गोड म्हणायच्या त्या. इथंच बसून शिवायच्या, आन् मामंजी वही घिऊन झोपाळ्यावर."

सरांनी सुनेकडे पाहिलंही नाही. "बरोबर. मी मोठ्याने म्हणत लिहितो. सहा वर्षं ती बाई माझ्या समोर बसलेली. कानावर पडलं असेल, तोंडात बसलं असेल. तिचा बिचारीचा दोष नाही."

जयाबाईंचा चहा तसाच राहिला. त्याच व्हरांड्यात दोघं बसली होती. त्याने तिच्याकडून ऐकलं असेल, किंवा तिने त्याच्याकडून. दोन्ही बाजूंना सारखंच वजन होतं, आणि छापील पुस्तक फक्त एकाच बाजूला.

त्या उठल्या तेव्हा सर दारापर्यंत आले. "शंका असेल तर तिलाच विचारा की," ते पान लावत म्हणाले. "पण आता तिला बोलता येत नाही म्हणे. वाईट झालं."

ते 'वाईट झालं' इतकं समाधानाने म्हटलेलं होतं की जयाबाईंना त्यांच्या हातातला डबा हिसकावून फेकून द्यावासा वाटला.

४

लक्ष्मीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. साठीच्या, काटक. तोंडाची एक बाजू खाली ओघळलेली, ओठ अर्धवट उघडे. शेजारच्या फळीवर सुविधाची शाळेची पुस्तकं होती, आणि त्यांत परशराम सरांचा तोच संग्रह.

जयाबाईंच्या कपाळाची शीर उडाली. "हे तुझ्या घरात? मग यातूनच उतरवलीस की तू!"

"पहिलं पान उघडा, बाई."

पहिल्या पानावर वळणदार अक्षर होतं: 'वाकळवाल्या लक्ष्मीबाईस, सप्रेम.' खाली सरांची सही.

"दोन दिवाळीमागं दिलं सरांनी," सुविधा म्हणाली. "वाचता न येणाऱ्या बाईला पुस्तक. आईनं घरी आणून कपाळाला लावलं आन् फळीवर ठेवलं. मी बी उघडलं न्हाय. तिचंच तिला भेट दिलंय, हे परवा कळलं मला."

जयाबाई लक्ष्मीबाईंच्या समोर बसल्या. "आक्का, मी जयाबाई. उचगावची."

"आई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. बाई म्हणायचं होतं त्यांना. मग पाण्याकडे बोट करून "आणी" म्हणाल्या, सुविधाला पाणी आणायला सांगत होत्या. आणि लगेच पदर तोंडावर घेतला.

"बोलायचंच सोडलंय तिनं," सुविधा म्हणाली. "गल्लीतली पोरं नक्कल करत्यात. दीड वर्षात एक सलग वाक्य ऐकलं न्हाय मी तिच्या तोंडनं."

आता काय विचारायचं? जयाबाईंनी हताश होऊन पुस्तक उघडलं आणि पान सत्तावीस मोठ्याने वाचायला घेतलं.

"जुन्या साडीचा हा काठ, त्याच्या आत माय हसे..."

धप्प! लक्ष्मीबाईंनी धडधाकट हात जमिनीवर आपटला. पदर खाली आला. डोळे पेटलेले. आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली, पहिल्यापासून. त्याच्या आत आजी हसे. तिच्या हाताची ती गाठ. एक अक्षर सांडलं नाही, एक अक्षर बोबडं झालं नाही. 'हाड आत गार झाले' इथे थांबून त्यांनी स्वतःच्या मनगटाच्या हाडावर बोट ठोकलं.

सुविधाच्या हातातला तांब्या खाली पडला.

"आई, बोल की आनखी! बोल!"

"अला... आझी..." लक्ष्मीबाईंनी प्रयत्न केला, आणि पुन्हा सगळं विस्कटलं.

जिला पाणी म्हणता येत नव्हतं तिला चौसष्ट अक्षरं लख्ख म्हणता आली होती. हे कसं शक्य होतं?

५

"डॉक्टर काय म्हणाले?" त्यांनी विचारलं.

"जीभ बरी हाय म्हणाले. ओठ जुळत न्हाईत."

जयाबाईंनी स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं आणि हळू म्हणून पाहिलं. पाणी: पहिल्याच अक्षराला ओठ मिटले. बाई: मिटले. माझी: मिटले. मग त्यांनी कविता म्हटली. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. बोट तसंच होतं. आठही ओळी संपल्या आणि ओठ एकदाही एकमेकांना लागले नव्हते.

प नाही, फ नाही, ब नाही, भ नाही, म नाही. चौतीस वर्षं अनुप्रास शिकवला, कोणता वर्ण परत परत येतो ते पोरांना शोधायला लावलं. कोणता वर्ण येतच नाही, हे त्यांनी कधी शोधलं नव्हतं. परशराम सरांनीही शोधलं नव्हतं. एवढं तासभर बोलले, पण याबद्दल चकार शब्द नाही.

"पण असं कोण कशाला करेल?" त्या पुटपुटल्या. "लकवा आत्ताचा. कविता आधीची. आधी तर ओठ चांगले होते." त्यांनी मान वर केली. "सुविधा, तुझी आई वाकळ कशी शिवायची? सांगू नको, करून दाखव."

सुविधाने कोपऱ्यातली अर्धवट वाकळ पसरली. सुईत दोरा ओवला. चार टाके घातले आणि मग, रोजचंच असल्यासारखं, सुई दातांत धरली आणि दोन्ही तळव्यांनी कापडाचे थर सारखे करू लागली. सुरकुती राहिली तर वाकळ फुगते, म्हणून दर चार टाक्यांनी हे करावंच लागतं. दोरा दातांतून खाली लोंबत होता.

"आता बोल," जयाबाई म्हणाल्या. "माझी म्हण."

सुविधाने ओठ मिटायला घेतले आणि कळवळून सुई काढली. ओठाला बारीक रक्त आलं होतं.

लक्ष्मीबाई हसल्या. वाकड्या तोंडाने, पण हसल्या.

चाळीस वर्षं ही बाई दातांत सुई धरून गात होती. टोचलेला प्रत्येक शब्द तिने टाकून दिला होता आणि न टोचणारा ठेवला होता. म्हणून त्या आठ ओळींत माय नव्हती, मन नव्हतं, माझी नव्हतं. साधं 'मी' सुद्धा नव्हतं. जयाबाईंना असा संताप आला की त्यांना उभं राहावं लागलं.

"उद्या धा वाजता," त्या म्हणाल्या. "आक्कांना रिक्षानं हॉलवर आणायचं."

६

हॉल भरला होता. परशराम सर व्यासपीठावर मधल्या खुर्चीत, हार घालून. ज्योतिबा माइकशी लागला होता. जयाबाईंनी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

"सर, तुमची कविता म्हणा. पण ही पेन्सिल दातांत आडवी धरून."

लोक हसले. सरही हसले. "हा काय पोरखेळ आहे?"

"खेळच समजा. एवढे मोठे कवी, घाबरताय व्हय?"

नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. सरांनी पेन्सिल धरली. पहिली ओळ थोडी घोगरी, पण सरळ गेली. दुसऱ्या ओळीत 'मा' म्हणायला त्यांनी ओठ दाबले आणि पेन्सिल टेबलावर पडून टणटणत गेली. पुन्हा धरली. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सातवी. आठव्या ओळीला, 'मन'वर, पुन्हा पडली.

"दोनदा पडली," जयाबाई म्हणाल्या. "चौसष्ट अक्षरांत फक्त दोनदा. आणि नेमकी त्याच दोन शब्दांवर, जे सुविधाच्या कागदात वेगळे आहेत. तिथे आजी आणि हाड धरा, पेन्सिल पडत नाही. सर म्हणतात, लक्ष्मीबाईंनी त्यांचं ऐकलं. ठीक. मग सरांच्या उरलेल्या बासष्ट अक्षरांत ओठ मिटणारं एकही का नाही? सर, तुम्ही काय दातांत धरून लिहिता? पान?"

त्यांनी संग्रहाचं पान सत्तावीस उघडून हॉलला दाखवलं.

"हा नियम करणाऱ्याने तो दोनदा मोडला नसता. आणि केलेला नियम त्याला माहीत असता. काल तुम्ही मला कवितेतला आवाज न् आवाज समजावलात, हा सोडून. कारण तुम्ही फक्त ऐकलीत. ती दातांत सुई धरून शिवणारीची आहे. मग तुम्हाला हाड गावंढळ वाटलं, म्हणून तुम्ही तिथे मन घातलंत!"

सरांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. त्यांनी हार काढून ठेवला आणि आवाज मऊ केला. "शक्य आहे. सहा वर्षांत एखादी लोकगीताची ओळ मनात उतरली असेल, अनवधानाने. एका कवितेपुरती मी दिलगिरी व्यक्त करतो. पुढच्या आवृत्तीत उल्लेख करीन."

ज्योतिबाने सुटकेचा श्वास टाकला. "झालं की मग! सर मोठ्या मनाचे हाईत. पत्र फाडून टाकतो, आन् कार्यक्रम सुरू करू."

टाळ्याही सुरू झाल्या. जयाबाईंनी मात्र पुस्तक मिटलं नव्हतं. 'एका कवितेपुरती' हे शब्द त्यांना खटकले होते. कुणी विचारलेलं नसताना या माणसाने आकडा का सांगितला?

त्यांनी तीच पेन्सिल पदराला पुसून स्वतःच्या दातांत धरली आणि पान अठ्ठावीस वाचायला घेतलं. चौदा ओळी. पेन्सिल एकदा घसरली. पान तीस. एकदा. पान तेहतीस.

"तीन धोंड्यांची ती चूल, राख..." आणि पेन्सिल पडली. पुस्तकात होतं: 'राख माझी, जाळ त्यांचा.'

पहिल्या रांगेतून धप्प आवाज आला. लक्ष्मीबाईंनी खुर्चीच्या हातावर तळवा आपटला होता. "राख तिची," त्या म्हणाल्या. स्वच्छ. "राख तिची, जाळ त्यांचा."

जयाबाईंनी पान उलटलं, वाचलं, अडखळल्या. धप्प. लक्ष्मीबाईंनी योग्य शब्द दिला. पुन्हा पान, पुन्हा धप्प. टाळ्या केव्हाच थांबल्या होत्या. एकेचाळीस कवितांच्या त्या संग्रहात एकोणीस कवितांत हे झालं, आणि एकोणिसाव्याला मागच्या रांगेतली माणसंही उभी राहून ऐकत होती. बाकीच्या बावीस सरांच्या होत्या. त्या कुणी कधी पाठ केल्या नव्हत्या.

"नाटक आहे हे!" परशराम सर किंचाळले. मऊपणा गेला होता. "एवढं तिचं आहे तर तिनेच म्हणावं. सगळ्यांसमोर म्हणावं, ही कविता माझी. एकदा माझी म्हण, बाई! आत्ता पुस्तक मागं घेतो!"

सुविधा ताडकन उठली. जयाबाईंनी तिला हाताने थांबवलं, कारण लक्ष्मीबाई उठत होत्या. लेकीच्या खांद्याचा आधार घेऊन त्या उभ्या राहिल्या.

"आझी," त्या म्हणाल्या. पुन्हा जोर लावून, "आझी."

सर हसले. मागून एक-दोघं हसले.

लक्ष्मीबाईंनी या वेळी पदर तोंडावर घेतला नाही. त्यांनी धडधाकट हात उचलला, व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीकडे बोट केलं आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हटलं:

"चोर."

त्या शब्दाला ओठ लागत नाहीत.